यशोदाकाकूंचं इरांसी

यशोदाकाकू फ्रान्सहून ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच परत आल्या, आणि आल्या त्या दिवशीच मोगऱ्याच्या ओळीत शिरून काळूरामला बोलायला लागल्या. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहत होते. प्रवासातली साडी अंगावर तशीच होती, पायात मात्र वाडीतल्या रबरी चपला. कुठल्या वाफ्याला पाणी कमी पडलं, कळ्या वेळेवर का खुडल्या नाहीत, बावखलाच्या काठावर प्लॅस्टिक कोणी टाकलं, सगळं एका दमात चाललं होतं. काळूराम त्यांच्याकडे कित्येक वर्षं कामाला आहे. तो मान खाली घालून ऐकत होता. आपली चूक नाही हे त्याला कळत होतं. मला वाटतं, काकूंनाही कळत होतं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वसईत जुन्या वाड्यांमध्ये ते असायचंच, बागायत सगळी त्याच्यावर चालायची. आता बरीच बावखलं बुजली आहेत. उमेळ्यात आमच्या इमारतीच्या आसपास उरलेलं एकच, ते काकूंचं.

मी मूळची राजापूरकडची. शाळेत शिकवते. इथे फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात गणपतीसाठी जास्वंद मागायला मी कुंपणापाशी गेले होते. काकूंनी विचारलं, ‘‘कुठल्या बिल्डिंगमधल्या?’’

मी नाव सांगितलं.

‘‘म्हणजे आमच्या थोरल्या दिरांच्या वाडीवर राहता,’’ त्या म्हणाल्या. मग टोपलीतली चांगली फुलं निवडून माझ्या हातावर ठेवली. ‘‘घ्या. फुलांचा काय दोष.’’

तेव्हापासून आमची ओळख. त्या मला टीचर म्हणतात. माझ्याशी बोलताना शाळेतली मराठी बोलतात, काळूरामशी आणि शेजारच्या पापडी गावातल्या नणंदेशी बोलताना त्यांची घरची बोली, जी मला इतक्या वर्षांनी अर्धीच कळते. पण राग कुठल्या बोलीत आहे याने काही फरक पडत नाही. काकूंचा आवाज चढत नाही. उलट खाली जातो, आणि एकेक शब्द सुटा होतो.

त्यांना रागवायला कारणं पुष्कळ होती. तिन्ही बाजूंना इमारती झाल्या, प्रत्येक बिल्डरने आपली जमीन भराव टाकून उंच केली, आणि पावसाचं पाणी काकूंच्या वाडीत यायला लागलं. दोन पावसाळे मोगरा उभ्याउभ्या कुजला. टँकरवाल्यांनी आजूबाजूच्या विहिरी उपसून खारट केल्या. यजमान सुधाकर चुरी अचानक गेले तेव्हा केयूर कॉलेजात होता आणि रिद्धी शाळेत. मोगरा, सोनचाफा आणि केळीवर काकूंनी दोघांना शिकवलं. रिद्धी लग्न होऊन पुण्याला गेली. केयूर इंजिनीअर झाला आणि पॅरिसला गेला.

तिकडे त्याला वाइनचा नाद लागला. पिण्याचा म्हणता येणार नाही, तो पितो बेताचं. नाद गावांचा. शनिवार-रविवार गाडी काढायची, फारशी कोणाला माहीत नसलेली वाइनची गावं शोधायची आणि त्यांचे व्हिडिओ करून आपल्या चॅनेलवर टाकायचे. इंग्रजीत बोलायचा, मध्येच दोन वाक्यं मराठीत. मी ते व्हिडिओ पाहायचे. बोलतो छान. एखाद्या उतारावर उभा राहून मूठभर माती हातात घ्यायचा आणि तिच्याबद्दल असं बोलायचा की ऐकणाऱ्याला ती माती आपल्या घरची वाटावी.

मे महिन्यात त्याने आईला बोलावून घेतलं. काकू जायला तयार नव्हत्या, मोगऱ्याचा हंगाम होता. मीच म्हणाले, जा, काळूराम बघेल. मुलगा एवढ्या प्रेमाने बोलावतोय.

पुढचं सगळं मला काकूंनीच सांगितलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी, कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून.

पॅरिस त्यांना आवडलं नाही, नावडलंही नाही. मग एका शनिवारी केयूर त्यांना इरांसीला घेऊन गेला. चहूबाजूंनी टेकड्या, मध्ये वाडग्याच्या तळाशी बसल्यासारखं लहानसं गाव, आणि टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षवेली. वेलींच्या मधून मधून चेरीची झाडं. केयूर म्हणाला, ‘‘आई, सगळे शेजारच्या चाब्लीला जातात, पांढऱ्या वाइनसाठी. इथे कोणी थांबत नाही. मी शोधलेलं गाव आहे हे.’’

काकूंनी विचारलं, ‘‘इथे माणसं कधीपासून राहतात?’’

‘‘हजार वर्षं तरी झाली असतील.’’

‘‘मग तू काय शोधलंस?’’

केयूर हसला. काकू हसल्या नव्हत्या. आमची इमारत उभी राहत होती तेव्हा रस्त्यावर एक मोठा फलक होता, ‘मुंबईला अजून न सापडलेलं उमेळे’. तो फलक वर्षभर रोज काकूंच्या दारासमोर होता.

गावात ओदिल नावाच्या बाईंचं घर होतं. वय काकूंपेक्षा थोडं जास्त, लग्न केलेलं नाही, भावाबरोबर वेली सांभाळायच्या. भाऊ आदल्या वर्षी वारला होता. केयूर तिथे नेहमी जायचा. ओदिलबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या काकूंना तळघरात घेऊन गेल्या, एक बाटली उघडली आणि ग्लासात ओतली. काकूंना ती वाइन पातळ वाटली. केयूरच्या घरी पाहिलेली लाल वाइन जांभळाच्या रसासारखी काळपट असायची. हिच्यातून ग्लासापलीकडची ओदिलबाईंची बोटं दिसत होती. कोकमाच्या सरबतात पाणी जरा जास्त झालं की दिसतात तशी.

‘‘हीच तर हिची गंमत,’’ केयूर म्हणाला. ‘‘लोकांना जड, दाट वाइन म्हणजे भारी वाटते. ही हलकी. जरा गार करून प्यायची. इथली माती चुन्याची आहे, आई. मातीची चव उतरते हिच्यात.’’

मातीची चव हे शब्द काकूंना फार आवडले. सुधाकरकाका असंच बोलायचे. पापडीच्या केळ्याची चव वेगळी आणि उमेळ्याच्या वेगळी, हे ते मुलांना डोळे मिटून खायला लावून शिकवायचे. काकूंना वाटलं, आता केयूर ओदिलबाईंना ते सांगेल. त्याने सांगितलं नाही. त्याने फोन वर धरला आणि म्हणाला, ‘‘आई, पी ना. एक घोट.’’

काकूंनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. मुलाच्या शब्दासाठी एक घोट घेतला. आंबट लागलं, तोंड वाकडं झालं.

दोन दिवसांनी रिद्धीचा पुण्याहून हसत फोन आला. केयूरने तो व्हिडिओ टाकला होता, ‘माझ्या शेतकरी आईचा पहिला घोट’. हजारो लोकांनी पाहिला होता. पापडीच्या नणंदेनेही पाहिला होता, तिच्या सुनेने आणि सुनेच्या माहेरच्यांनीही.

‘‘मला विचारलं नाहीस,’’ काकू केयूरला म्हणाल्या.

‘‘अगं, लोकांना किती आवडलीयेस तू. वाच काय काय लिहिलंय.’’

‘‘लोकांना माझं तोंड आवडलंय. वाकडं झालेलं.’’

‘‘आई, तू ना, उगाच.’’

‘‘काढ ते.’’

त्याने काढतो म्हटलं आणि काढलं नाही. परक्या देशात, मुलाच्या घरात, भांडून जायचं कुठे? मला हे सांगतानाही त्यांनी कुंपणावरची सुकलेली वेल अशी ओढली की तार हलली.

जूनमध्ये ओदिलबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. चेरी पिकल्या होत्या. केयूर कॅमेरा घेऊन टेकडीवर गेला, वरून गाव फार छान दिसतं म्हणून. स्वयंपाकघरात दोघी बायका राहिल्या. ओदिलबाईंनी चेरीची परात टेबलावर ठेवली आणि बिया कशा काढायच्या ते दाखवलं. काकूंना लगेच जमलं. दोघी काम करत राहिल्या. भाषा नव्हती, पण काम होतं, म्हणून काही अडलं नाही.

मग ओदिलबाईंनी हात पुसले, फोन घेतला आणि त्यात काहीतरी बोलल्या. फोनमधून एका बाईचा आवाज मराठीत म्हणाला, ‘‘तुमचा मुलगा माझ्या भावाचे घर घेत आहे. तळघर आणि थोडी वेल सुद्धा. मला आनंद आहे. पण तुमची बाग विकली जात आहे याचे मला वाईट वाटते.’’

काकूंना आधी वाटलं, यंत्र चुकलं.

‘‘कोणाची बाग?’’

फोन फ्रेंचमध्ये बोलला. ओदिलबाई परत बोलल्या. ‘‘भारतात तुमची बाग. तुमच्या मुलाने सांगितले, तुम्ही विकत आहात. तुम्ही थकला आहात. मी समजते. मी पण थकली आहे.’’

काकूंनी हातातली चेरी परातीत ठेवली. ‘‘मी विकत नाहीये,’’ त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, हळूहळू. ‘‘मला कोणी विचारलं नाही.’’

ओदिलबाईंनी फोनमधून ते ऐकलं. मग पडद्यावर लिहून आलेलं वाचलं, पुन्हा वाचलं. फोन उलटा करून ठेवला. त्या उठल्या, एक बाटली आणली, दोन ग्लास भरले आणि एक काकूंच्या पुढे सरकवला. काकूंनी तो औषध घ्यावं तसा रिकामा केला.

‘‘या वेळी कशी लागली?’’ मी विचारलं.

‘‘टीचर, मी रागात प्यायले. रागात चव कळते होय? गार होती, एवढं आठवतं.’’

केयूर परत आला तेव्हा ओदिलबाई त्याच्याशी थोडंसं बोलल्या. त्याचा चेहरा पडला. जेवण झालं, आभार मानून झाले. परक्याच्या घरात मुलाची लाज काढायची नाही म्हणून काकू गाडीत बसेपर्यंत थांबल्या. गाव मागे पडलं, दोन्हीकडे वेली लागल्या, तेव्हा म्हणाल्या, ‘‘गाडी थांबव.’’

त्याने बाजूला घेतली.

‘‘वाडी विकायचं कधी ठरलं?’’

‘‘ठरलं नाहीये. दिवाळीत बोलणारच होतो तुझ्याशी.’’

‘‘मला सांगायच्या आधी त्या बाईला सांगितलंस.’’

‘‘ती घर दुसऱ्याला देणार होती. थांब म्हणायला मला काहीतरी सांगावं लागलं.’’

‘‘म्हणून मी थकले.’’

‘‘नाही थकलीस?’’ केयूर वळून म्हणाला. ‘‘खरं सांग. तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा आहेत. पाऊस आला की सगळ्यांचं पाणी आपल्यात. मोगरा कुजतो. गुडघे गेलेत तुझे. मी परत येणार नाही, रिद्धी येणार नाही. मग कोणासाठी चाललंय?’’

काकू मला म्हणाल्या, यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणूनच त्यांना जास्त चीड आली.

‘‘आणि इथे काय करणार तू?’’

‘‘वेली सांभाळणार. ओदिल शिकवणार आहे. इथे माती जपतात, आई. वेलीच्या जमिनीवर कोणालाही उठून बिल्डिंग नाही बांधता येत. आपल्याकडे कोण जपतं?’’

‘‘इथली माती इथल्या माणसांनी जपली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आपली तू जपायची होतीस.’’

‘‘म्हणजे मी त्या चिखलात जन्म काढायचा?’’

गाडी पॅरिसला पोचली. काकूंनी बॅग भरली आणि तिकीट बदलायला सांगितलं. त्याने समजावलं, मग चिडला, मग बदललं. विमानतळावर तो पाया पडायला वाकला तेव्हा काकूंनी मध्ये बॅग ठेवली.

‘‘चिखल म्हणाला, टीचर,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘तिकडे उतारावर उभा राहतो तेव्हा माती. आपल्याकडची ती चिखल. त्याच चिखलावर इंजिनीअर झाला.’’

मला वाटलं होतं, दिवस जातील तसा राग उतरेल. तसं झालं नाही. ओदिलबाईंनी केयूरला घर दिलं नाही. का नाही ते त्या त्याला बोलल्या की नाही, मला माहीत नाही. गावातल्याच कोणाला तरी दिलं. केयूरने फोन केला, तेव्हा मी काकूंच्या ओटीवर बसले होते. फोन स्पीकरवर होता, काकूंना बारीक ऐकू येत नाही.

‘‘झालं तुझं समाधान?’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्यामुळे गेलं घर.’’

‘‘माझ्यामुळे नाही. तू खोटं बोललास, त्यामुळे गेलं.’’

‘‘वाडीत माझा पण हिस्सा आहे. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय.’’

‘‘आहे की,’’ काकू म्हणाल्या. ‘‘ये आणि घेऊन जा.’’

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘‘चहा गार झाला तुमचा.’’ दुसरा करून आणला, त्यात साखर घालायला विसरल्या. मी तसाच प्यायले.

दिवाळीत तो खरंच आला. रिद्धीही पुण्याहून आली. केयूरबरोबर जमिनीचा दलाल होता, पांढऱ्या बुटांचा, ते बूट वाडीत शिरताना त्याने दोनदा झटकले. मोजणी करून देणारा माणूसही होता. काकूंनी मला बोलावून घेतलं. साक्षीदार म्हणून असेल, किंवा परक्यासमोर आपण रडणार नाही म्हणूनही असेल.

दलाल म्हणाला, ‘‘मागची बाजू केयूरभाऊंना देऊया. पुढचा रस्त्याचा भाग मातोश्रींकडे राहू द्या.’’

‘‘नको,’’ काकू म्हणाल्या. ‘‘रस्त्याकडचा तुकडा त्याला. मागचा, बावखलासकट, मला.’’

रिद्धी म्हणाली, ‘‘आई, रस्त्याकडचा सगळ्यात महाग आहे. असा कसा देतेस?’’

‘‘म्हणूनच देते. उद्या बायकोला, पोरांना सांगायला नको की आईने लुबाडलं.’’

‘‘आई, मला एवढं नकोय,’’ केयूर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. ‘‘आपण बसून ठरवू.’’

‘‘तू तिकडे बसून ठरवलंस ना? मी इथे उभी राहून ठरवते. घे.’’

रिद्धी म्हणाली, ‘‘माझं नाव आईबरोबर राहू दे,’’ आणि आत निघून गेली.

संध्याकाळी मी काकूंना म्हणाले, तुम्ही रागाच्या भरात नुकसान करून घेतलंत. चांगली जमीन दिलीत, पाणी तुंबतं ती ठेवलीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून घरी आले. चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. पाचव्या दिवशी दाराच्या कडीला सोनचाफ्याची पुडी अडकवलेली सापडली, नेहमीसारखी.

केयूरने तुकडा विकला. त्या पैशातून त्याने फ्रान्समध्ये कुठे काय घेतलं ते काकूंनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो दर रविवारी फोन करतो. काकू उचलतात. जेवलास का, थंडी आहे का, हो, ठीक, आणि ठेवतात. पूर्वी या फोनसाठी त्या जेवण अर्धवट टाकून उठायच्या.

होळीनंतर रस्त्याकडच्या तुकड्यावर मशीन आलं. सोनचाफ्याची दोन झाडं त्या बाजूला होती, ती पहिल्याच दिवशी पाडली. काकू घराबाहेर आल्या नाहीत. मग पाया खोदायला घेतला आणि पुरुषभर खालीच पाणी लागलं. खड्डा भरला. कंत्राटदाराने दोन पंप लावले आणि पाणी रस्त्यावरच्या गटारात सोडलं. दिवसरात्र घरघर. गटार भरून पाणी आमच्या इमारतीच्या फाटकात यायला लागलं, तेव्हा सोसायटीचे लोक भांडायला खाली उतरले. मीही उतरले.

काकू आमच्या आधीच तिथे होत्या. साइटवरचा सुपरवायझर फेबियन नावाचा, पापडीचा मुलगा. त्याची आई चर्चच्या सणाला काकूंकडून फुलं नेते, म्हणून तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता. काकूंनी पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली. आधी गढूळ आलं, मग निवळ. त्यांनी तोंडात घेतलं, आणि थुंकलं नाही.

‘‘गोड आहे,’’ त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला होता, शब्द सुटे झाले होते. ‘‘फेबियन, आजूबाजूला सगळ्या विहिरी खारट झाल्या. लोक टँकर विकत घेतात. आणि तू हे गटारात घालवतोस.’’

‘‘काकी, मला पाया कोरडा पाहिजे. शेठला काय सांगू?’’

‘‘शेठला काही सांगू नको. पाइप फिरव.’’

‘‘कुठे?’’

‘‘माझ्यात. माझ्या मोगऱ्यात सोड.’’

फेबियनने आमच्याकडे पाहिलं, भरलेल्या गटाराकडे पाहिलं. त्याला तेच सोयीचं होतं. माणसांना हाक मारून त्याने पाइप भिंतीवरून पलीकडे टाकायला सांगितलं. काळूराम फावडं घेऊन धावला आणि पाट उघडला. पाणी पहिल्या ओळीत शिरलं, मग दुसऱ्या.

सोसायटीचे लोक खूश होऊन वर गेले. मी थांबले. मला वाटलं, काकूंना बरं वाटत असेल, म्हणून तसं काहीतरी म्हणाले.

‘‘बरं कसलं वाटतंय, टीचर?’’ काकू म्हणाल्या. ‘‘पाया भरेपर्यंत येईल पाणी. मग वर सात मजले चढवतील. एवढं गोड पाणी खाली होतं आणि मला माहीत नव्हतं. केयूरलाही नव्हतं.’’

पदर खोचून त्या पाटाच्या कडेने चालत गेल्या आणि काळूरामला ओरडल्या, की डाव्या वाफ्याकडे अजून पाणी वळलेलं नाही, तिकडे आधी बघ.